शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेला वन्यजीवांची २५-३० चित्रं देणगीत मिळाली आहेत. लिलाव कसा करावा?

आधी प्रत्येक चित्रकाराकडून लेखी घ्या: राखीव किंमत (ज्याखाली चित्र विकायचं नाही ती) किती, चित्र विकलं गेलं नाही तर परत द्यायचं का, आणि छपाईचे हक्क कोणाचे. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. घेणाऱ्याने उद्या त्या बिबट्याची कॅलेंडरं छापली तर वाद तुमच्याच दारात येईल.

जलरंगातली चित्रं नीट तपासा. काच थेट कागदाला टेकली असेल तर पावसाळ्यात ओल अडकते आणि आकाशाच्या फिक्या भागात तपकिरी ठिपके उमटतात. मध्ये आम्लमुक्त माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, हवीच. डाग असेल तर यादीत तसं लिहा, लपवू नका. फ्रेमवर कातडं, नखं किंवा हस्तिदंत असेल तर ती वस्तू घेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो.

राखीव किंमत बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास बरी. बोली १०,००० पर्यंत ५००ने, पुढे १,०००ने वाढवा. सगळ्यात देखणं चित्र आठव्या-दहाव्या क्रमांकावर काढा: सुरुवातीला लोक स्थिरावलेले नसतात, शेवटी निम्मे जेवायला गेलेले असतात.

देणगीवरची आयकर सवलत, जी ८०जी म्हणून ओळखली जाते, ती फक्त पैशांच्या देणगीवर मिळते, चित्र देणाऱ्याला नाही. घेणाऱ्यालाही पैशांच्या बदल्यात चित्र मिळतं, म्हणून पूर्ण रकमेची ८०जी पावती फाडू नका. हे बोली सुरू होण्याआधीच जाहीर सांगा. आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय चित्र हातात देऊ नका, घेणारा कितीही ओळखीचा असो.