गणेशोत्सवाच्या वेबपानावरचे चौकोन फक्त जुन्या आयफोनच्या सफारीत एकमेकांना का चिकटतात? क्रोममध्ये तर नीट दिसतात.

पानाच्या सीएसएसमध्ये (मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) फ्लेक्सबॉक्समधला, म्हणजे चौकोन ओळीत लावायच्या पद्धतीतला, ‘गॅप’ (मधलं अंतर) काढा आणि आतल्या चौकोनांनाच मार्जिन (भोवतालची मोकळी जागा) द्या, चिकटायचे थांबतील. फ्लेक्सबॉक्समधला गॅप सफारीला आवृत्ती १४.१ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून कळतो. क्रोमला तो आवृत्ती ८४ पासूनच कळत होता. इंदूरला आमच्या मंडळाच्या पानावर हेच झालं: ‘सकाळची आरती’ आणि ‘महाप्रसाद’ अगदी खेटून, मध्ये रेघभरही जागा नाही. ‘@सपोर्ट्स’ (ब्राउझरला एखादी सोय कळते का ते विचारणारा सीएसएसचा नियम) लावून तपासत बसू नका, ते फसवतं! ग्रिडमधला, म्हणजे आडव्या-उभ्या रांगांच्या मांडणीतला, गॅप सफारीला आधीपासून येत असल्यामुळे उत्तर ‘हो’ असंच मिळतं. मात्र फोनमध्ये आयओएस १४.५ किंवा त्यापुढचं असेल तर कारण वेगळं आहे. आधी प्रायव्हेट टॅबमध्ये पान उघडून बघा, बऱ्याचदा जुनी सीएसएस कॅशेत (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या प्रतीत) अडकलेली असते.