सोलापूरहून कॅनडाला: पीठ कोणतं घ्यायचं?

तुम्ही विचारलंय, निघताना गव्हाचं पीठ किती आणू, आणि कॅनडात पाकिटांवर कुठे 'व्हीट' तर कुठे 'होल व्हीट' लिहितात त्यात फरक काय. पीठ आणूच नका. ते वजन शेंगाचटणी आणि कडक भाकरीसाठी ठेवा. उतरल्यावर फॉर्मवर मात्र खाण्याचं सामान आहे हे न विसरता लिहा.

आता फरक. नुसतं 'व्हीट फ्लोअर' किंवा 'एन्रिच्ड व्हीट फ्लोअर' दिसलं की तो मैदा समजा, कोंडा-अंकुर काढून वरून लोह आणि ब-जीवनसत्त्वं घातलेला. 'अनब्लीच्ड' हाही मैदाच. ब्रेडच्या तपकिरी रंगावर जाऊ नका, तो काकवीनेही येतो.

'होल व्हीट' म्हणजे आपली कणीक, असं सगळे सांगतील. अमेरिकेत ते चालून जातं. कॅनडात त्या नावाखाली दाण्याचा ५ टक्क्यांपर्यंत भाग काढायची मुभा आहे, आणि त्यात बहुतेक अंकुरच जातो. अंकुरात तेल असतं, त्यानं पीठ लवकर खवट होतं, म्हणून गिरणीवाल्यांना तो नकोच असतो. सगळा दाणा हवा तर 'होल ग्रेन होल व्हीट' हे शब्द शोधा.

एवढं करूनही चपाती जमेलच असं नाही. सुपरमार्केटमधलं पीठ बहुधा लाल गव्हाचं, ब्रेडसाठी दळलेलं. रंग गडद, चव जरा कडवट, लाटताना कडा फाटतात. चक्कीच्या रगडण्यानं पिठातलं पिष्ट फुटतं, ते पाणी जास्त धरतं, म्हणून आपली चपाती मऊ राहते. तेव्हा भारतीय दुकानातलं 'आटा' लिहिलेलं पोतंच घ्या. त्यावरचे घटकही वाचा, कारण काहींत डुरमचा मैदा आणि वरून मिसळलेला कोंडा असतो. डुरम म्हणजे पास्त्याचा गहू, कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात भरपूर पिकतो. चपाती पिवळसर होते, मला चालते.

सोलापूरकराची खरी अडचण गव्हाची नाहीच, ज्वारीची आहे. 'सोरघम फ्लोअर' मिळतं, पण दळलंय कधी देव जाणे, आणि विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते. तारीख बघून लहान पाकीट घ्या, उकळत्या पाण्यात उकड काढा, उरलेलं फ्रीजरमध्ये ठेवा. आपल्या मालदांडी ज्वारीची चव मात्र विसरा.