डायलिसिसवर असलेल्या वडिलांना डॉक्टरांनी नैराश्याचा फॉर्म भरायला का सांगितला?

तुम्ही लिहिलंय, 'थकवा, झोप नाही, जेवण जात नाही, हे तर किडनीमुळेच आहे, मग हा फॉर्म कशाला?' खरी गोम तिथेच आहे. ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात, म्हणून नैराश्य सहज नजरेतून सुटतं.

तो फॉर्म बहुधा पीएचक्यू-९ असेल. मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासतात. म्हणजे हे निदान नव्हे, चाळणी आहे.

अशा आजारात मला पहिले दोन प्रश्न जास्त बोलके वाटतात: उदास वाटतं का, आणि कशात रस उरलाय का. माझ्या सासऱ्यांना बायपासनंतर 'उदास आहात का' विचारलं की ते 'छे, मजेत!' म्हणायचे. पण सारसबागेतली सकाळची फेरी आणि तिथला कट्टा त्यांनी कधीच सोडला होता. डॉक्टरांना तेच सांगितलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

फॉर्म त्यांना स्वतः भरू द्या, शेजारी बसून उत्तरं सुचवू नका. (आपल्याकडे मुलगाच सगळं भरून टाकतो!) अशी लक्षणं त्यांच्यामुळेही येऊ शकतात, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि चालू गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. गोळ्या सुरू करायच्या झाल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना डायलिसिसचं आधी सांगा, काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याहून वेगळं काही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो.