अल्पवयीन मुलांना खरंच 'काही होत नाही' का?

तुम्ही विचारलंय की म्हापशात तुमच्या शेजारच्या १६ वर्षांच्या मुलाला स्कूटर चोरीत पोलिसांनी ताब्यात घेतलंय. लोक म्हणतात, अठराच्या आतला आहे, त्याला काही होत नाही, म्हणूनच हल्ली पोरं बिघडत चालली आहेत. हे खरं का, आणि त्याच्या आईला काय सांगावं?

मी गोव्यातल्या डिचोलीत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेची, पॅरालीगल स्वयंसेवक (लोकांना कायद्याची प्राथमिक मदत करणारी) म्हणून काम करते. मी वकील नाही, पण अशा मुलांच्या आईवडिलांबरोबर पोलीस ठाण्यात आणि बाल न्याय मंडळासमोर बऱ्याचदा जाऊन बसले आहे.

आधी एक विनंती. 'त्याला काही होत नाही' हे वाक्य वाड्यावर, विशेषतः मुलांसमोर, कृपा करून बोलू नका. ते कोण बोलतं आणि कशासाठी, हे मी फार जवळून पाहिलंय.

२०१९ ची दिवाळी. नरकासुराची रात्र, म्हणजे गोव्यात कागदाचे मोठे नरकासुर करून पहाटे जाळतात ती रात्र, संपून उजाडलं होतं. माझ्याच शाळेतला १५ वर्षांचा मुलगा ठाण्यातल्या बाकावर बसला होता. दोन्ही कोपरांना खळ वाळून पांढरी झालेली, तिला वर्तमानपत्राचे कपटे चिकटलेले. रात्रभर नरकासुराच्या मांडवात होता. त्याचे वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या आणि घरातला पगार थांबला. मांडवात चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण रोज यायचा, मुलांना खाऊपिऊ घालायचा. त्याने या मुलाला दोनदा रस्त्याकडेची स्कूटर ढकलत वळणापर्यंत आणायला लावलं होतं. एका खेपेचे ५०० रुपये. मुलगा घाबरला तेव्हा त्याने सांगितलं, "तुका कितेंच जावचें ना, तूं ल्हान." (तुला काहीच होणार नाही, तू लहान आहेस.) दुसऱ्या खेपेला मुलगा सापडला. तो तरुण तोवर पसार झाला होता.

म्हणून सांगते, लहान असणं ही त्या मुलाची पळवाट नव्हती. त्याला निवडण्याचं ते कारण होतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड आहे. मुलाकरवी अमली पदार्थ विकवले किंवा पोचवले तर कलम ७८ आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर हे पाठच करून ठेवावं. तुमच्या शेजारच्या मुलामागे कोणी मोठा होता का, हे त्याच्या आईने शांतपणे, न मारता विचारायला हवं. पहिल्या दिवशी मुलगा सांगणार नाही. आमच्या शाळेतल्या त्या मुलाने चौथ्या दिवशी सांगितलं.

आता 'काही होत नाही' हे खरं का? नाही. आपल्याकडे २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे, जानेवारी २०१६ पासून. मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, त्याच्याशी बोलणारा पोलीस गणवेशात नसावा आणि पालकांना लगेच कळवायला हवं. आमच्या मुलाला पहाटे चारला नेलं आणि त्याच्या आईला अकरा वाजता शेजारणीकडून कळलं. समोर गणवेशातलेच दोघे बसले होते. त्याचा राग मला आजही येतो, कारण त्या सात तासांत मुलाने भीतीपोटी न केलेल्या दोन चोऱ्याही कबूल केल्या होत्या.

जामीन हा मुलाच्या बाबतीत नियम आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरीही. सोडल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्यालाच धोका होईल असं वाटलं, तर मंडळ थांबवू शकतं. आमच्या मुलाच्या बाबतीत तेच झालं. तो तरुण मोकळा होता आणि घर त्याच्याच वाड्यावर, त्यामुळे मुलाला काही दिवस मेर्शीला 'अपना घर' या अशा मुलांसाठीच्या सरकारी गृहात ठेवलं. पुढे चौकशीअंती समुपदेशन, सामाजिक सेवा, परिवीक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख किंवा जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृह (मुलांचं सुधारगृह), असं काहीही होऊ शकतं. ज्याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे असा निर्घृण गुन्हा असेल आणि मुलाला १६ वर्षं पूर्ण झाली असतील, तर प्राथमिक मूल्यांकनानंतर (आपण काय करतोय हे मुलाला कळत होतं का, याच्या तपासणीनंतर) त्याचा खटला प्रौढासारखा बाल न्यायालयात चालू शकतो. निर्भया प्रकरणानंतर झालेला बदल तो हाच. स्कूटरची चोरी त्यात बसत नाही.

मुलं बिघडत चालली आहेत का, याचं उत्तर आकड्यांत वेगळं दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशभरात अल्पवयीनांवरच गुन्ह्याचा आरोप असलेली प्रकरणं २०१६ मध्ये ३५,८४९ होती, २०२२ मध्ये ३०,५५५. मधे थोडं खालीवर झालं, पण लाट म्हणावी असं काही नाही. पकडलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चार मुलं १६ ते १८ मधली, आणि बहुतेक सगळी आईवडिलांकडेच राहणारी. म्हणजे शाळा सुटलेली किंवा सुटायला आलेली आणि घरात असूनही कोणाचं लक्ष नसलेली. मला हा आकडा जास्त छळतो.

२०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीच्या अपघातात दोन जीव गेले आणि मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून लोक चिडले. माझाही जीव जळला. पण दारू कोणी वाढली आणि गाडी कोणी दिली, हे प्रश्न कायद्यात आधीपासून आहेत. मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. सातवी-आठवीतल्या मुलाच्या हाती कौतुकाने ॲक्टिव्हा देणारी आपल्याकडची घरं मी रोज पाहते.

गोव्याने हे फार आधी ओळखलं होतं, असं मला वाटतं. मडगावात अनाथ मुलांच्या आश्रयाच्या नावाखाली अत्याचार करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला. मुलांचं काही बिनसलं की त्यांच्या आसपासचे मोठे काय करत होते, हे आधी बघायचं, ही त्या कायद्यामागची दृष्टी आहे.

आता त्याच्या आईसाठी. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, मंडळासमोर तसं सांगायचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला सगळ्यात आधी काढा, वय त्यावरच ठरतं. एफआयआर झाला म्हणाले तर विचारा की सोबत प्रौढ आरोपी आहे का. निर्घृण गुन्हा नसेल आणि प्रौढ सोबत नसेल, तर मुलाच्या नावे ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते, एफआयआर नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. तो दोन आठवड्यांत मंडळाकडे जातो. अधिकारी घरी येईल तेव्हा आईवडील कामावर गेलेले असले आणि शेजाऱ्यांनी 'वाया गेलेला पोरगा' म्हणून सांगितलं, तर कागदावर तेच उतरतं. त्या दिवशी रजा टाका. मुलाच्या शिक्षकांना, भजनात पेटी शिकवणाऱ्या बुवांना, कोणी गॅरेजवाला त्याला शिकवायला तयार असेल तर त्याला, बोलायला सांगा. आमच्या मुलासाठी साखळी गावचे एक वेल्डर मंडळासमोर उभे राहिले आणि म्हणाले, शनिवार-रविवार माझ्याकडे पाठवा. देखरेखीवर सोडण्याचा आदेश त्यानंतर झाला.

मुलाचा फोटो किंवा नाव वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर आजच काढायला लावा, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे. चौकशी पूर्ण झाल्यावर अशा प्रकरणाची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची असते आणि नोकरीत ती आडवी येऊ नये असं कायदा सांगतो. ग्रुपवरचा फोटो मात्र कोणी नष्ट करत नाही.

तारीख असेल त्या दिवशी जमलं तर तुम्हीही तिच्यासोबत जा. आमच्या मुलाची आई मेर्शीला चार तास माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी. सबंध वेळात तिने मला एकच विचारलं, इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल.