देशभरातल्या लोकांच्या आरोग्यदायी सवयी आणि समाधान सर्वेक्षणातून खरंच मोजता येतं का?

येतं. पण तुम्ही प्रश्नासोबत जोडलंय की "लोक खोटं बोलतात, मग त्या आकड्यांना अर्थ काय", ते मला अजिबात पटत नाही. गोव्यात अशा एका सर्वेसाठी मी घरोघरी फिरले आहे. लोक फारसं खोटं बोलत नाहीत. त्यांना नीट विचारलंच जात नाही.

फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आम्ही गेलो होतो. साठी उलटलेली बाई, नुकतीच सुपारी गोळा करून ओसरीवर टेकलेली. सोबतच्या सुपरवायझरना घाई होती. त्यांनीच विचारलं, "व्यायाम करता?" ती म्हणाली, "ना रे पुता, व्यायाम खंयचो!" ते मला म्हणाले, 'नाही' लिही. मी लिहिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत शारीरिक हालचालींचा भाग कामापासून सुरू होतो आणि आधी एक निवेदन वाचायचं असतं: काम म्हणजे पगाराचं, बिनपगाराचं, घरातलं, शेतातलं, मासेमारीचं, सगळं. बरोबर चित्रांचं कार्ड दाखवायचं असतं, तेही स्थानिक उदाहरणांचं. मी निवेदन वाचलं, कार्ड दाखवलं आणि विचारलं, सलग दहा मिनिटं तरी दम लागेल असं काही असतं का? मग बाई बोलायला लागली. पोफळींना पाटाचं पाणी वळवायचं, झावळ्या ओढून आणायच्या, सुपारीच्या टोपल्या डोक्यावरून चढावरच्या घरी न्यायच्या. आठवड्याला किमान 150 मिनिटांची जी शिफारस आहे, ती तिची एका दिवसात पुरी होत होती.

गाडीत सुपरवायझर चिडले. "तू तिला उत्तर सुचवलंस. आणि असं करत बसलीस तर आजची घरं कधी संपणार?" छापलेलं निवेदन वाचणं म्हणजे सुचवणं नव्हे. ते गाळणं म्हणजे प्रश्न बदलणं. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं, आजही म्हणते.

लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने हे चांगलं हाताळलं. तिथे 'काय करता' असं मोघम न विचारता पहाटे 4 पासून पुढच्या पहाटे 4 पर्यंतचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब घेतला. म्हणून दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97.

जिथे शरीरच मोजतात तिथे हा वाद कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंची, वजन, कंबर मोजतात, रक्तदाब तीनदा घेतात, साखर तपासतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेह देशात 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4 टक्के निघाला, सगळ्या राज्यांत जास्त. तो आकडा मी मानते. पण त्यावरून 'गोंयकार सुशेगाद, आळशी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तो आकडा साखरेचा आहे, मेहनतीचा नाही.

समाधानासाठी 0 ते 10 पायऱ्यांची शिडी दाखवून "तुम्ही कितव्या पायरीवर?" असं विचारतात, किंवा गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे पाच छोटे प्रश्न असतात. दारात सासू उभी असेल तर सून "बरें आसा" एवढंच म्हणणार. एकांत मिळाला नाही तर तो भाग दुसऱ्या दिवशी घ्या.

एका घरावरून अख्खा सर्वे मोडीत निघत नाही, हेही खरं. चूक प्रत्येक सर्वेत तीच असेल तर एका सर्वेपासून पुढच्या सर्वेपर्यंतच्या बदलाची दिशा तरी कळते. मात्र हंगाम सांभाळावा लागतो. जून-जुलैत मासेमारी बंद असताना 'मासे किती वेळा खाता' विचारलं किंवा ऐन उर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या दारूच्या) दिवसांत दारूबद्दल विचारलं, तर तेच घर वेगळं उत्तर देईल.

तुम्ही स्वतः अशा कामाला जाणार असाल तर वरून कितीही घाई झाली तरी निवेदन आणि कार्ड सोडू नका. रोजच्या घरांचा आकडा जमत नसेल तर तो कमी करून मागा, लेखी मागा.