कंपनी नोंदवण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीसाठी शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याचा तुझा मनोदय पत्रातून कळला. 2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले असल्यामुळे नावाची चिंता उरली नाही, हे तुझे म्हणणे खरे. परंतु बाजारातली पट्टी, म्हणजे माल विकल्यावर आडत्या देतो तो हिशेबाचा कागद, नुसत्या नावाने फुगत नाही.

उजनी धरणाचे पाणी आले म्हणून सोलापूर जिल्हा उसाकडे वळला, असे तू लिहितोस. पाण्यावाचून ऊस नाही, हे उघड आहे. तरी ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ज्या धरणाच्या 117 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे दारांतून आपोआप बाहेर न येणाऱ्या तळच्या साठ्यात, मोडते, तिथे शेतकरी एवढी जोखीम का घेतो, हे नीट पाहा. उसाची नोंद झाली की तोडणीची टोळी कारखाना धाडतो, वाहन बांधापर्यंत येते, किमान दर एफआरपीने, म्हणजे केंद्र सरकारच्या रास्त आणि किफायतशीर दराने, हंगामाआधीच ठरलेला असतो आणि 14 दिवसांत पैसे न दिल्यास 15 टक्के व्याज द्यावे, असे कायदा सांगतो. (टोळी वरकड मागते ती खुशाली आणि कारखान्यांकडे थकलेली देयके मलाही ठाऊक आहेत, तीस वर्षे बँकेत शेतीकर्जेच पाहिली.) जोंधळ्याला हमीभाव जाहीर होतो खरा, पण टोळी, वाहन आणि पैशाची मुदत यातले काहीच त्याच्या वाट्याला आलेले नाही. मालदांडी हाताने उपटून काढावी लागते, ऐन काढणीत मजूर मिळत नाहीत, आणि कडब्याच्या पेंढ्यांना बरा भाव मिळाला तरच वर्षाचा हिशेब जुळतो. म्हणून पहिल्या वर्षी आकर्षक पिशव्या आणि पॅकिंग यंत्रावर भांडवल घालू नकोस. काढणीची टोळी आणि मळणी यंत्र सभासदांच्या बांधावर वेळेत पोहोचव.

माझी एक चूक सांगतो. एका गटाला मी गोदामासाठी कर्ज मंजूर केले. कागदपत्रे चोख होती, जागा फुकट मिळाली होती. फक्त ती पाणंदीच्या टोकाला होती. पावसाळ्यात ज्वारीचा भाव चढला तेव्हा काळ्या रानात ट्रक रुतला आणि माल गोदामातच अडकला. जी माती ओल धरून रब्बीचे पीक पोसते, तीच चाकही धरून ठेवते, हे मला तपासणीच्या वेळी सुचायला हवे होते. मी तिथे मे महिन्यात गेलो होतो.

वाहतुकीचा हिशेब भावापेक्षा आधी मांड. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. किलोला 1 रुपया भाव मिळाला आणि भाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती 2 रुपये 49 पैसे उरले. भाव कोसळला तरी हमाली आणि भाडे कोसळत नाही. ज्वारीचा भाव इतका खाली जात नसला, तरी पाच-सात पोती घेऊन एकटाच बाजार गाठणाऱ्याच्या पट्टीत हाच खर्च दर क्विंटलला जास्त बसतो. दहा जणांचा माल एका ट्रकमध्ये भरता आला, तर तुझ्या कंपनीची पहिली कमाई तिथेच आहे.

नोंदणीची घाई नको. हुरड्याचे दिवस संपण्याआधी एकदा ये, आणि येताना गावातल्या दहा जणांच्या गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या घेऊन ये.