वाचकांचे प्रश्न: क्लाउडचा शेअर म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

प्रश्न: बोनसचे 3 लाख रुपये क्लाउड कंप्युटिंगच्या शेअर्समध्ये घालायचे आहेत. कुठल्या कंपन्या बघाव्यात? पैसे अमेरिकेत पाठवायचे तर काय करावं लागतं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर आणि सॉफ्टवेअर. निव्वळ क्लाउडचा असा मोठा शेअर सहसा मिळत नाही. अ‍ॅमेझॉनचंच बघा. 2024 मध्ये कंपनीची विक्री 638 अब्ज डॉलर होती, त्यात एडब्ल्यूएसचे, म्हणजे त्यांच्या क्लाउड विभागाचे, 107.6 अब्ज, म्हणजे जेमतेम 17 टक्के. पण कामकाजाच्या 68.6 अब्ज नफ्यातले 39.8 अब्ज तिथूनच आले. बाकीचं दुकान आहे. अल्फाबेटमध्ये त्याच वर्षी गूगल क्लाउडचे 43 अब्ज आणि एकूण विक्री 350 अब्ज, तेव्हा तुमचे पैसे मुख्यतः जाहिरातींवर लागतात. म्हणून तिमाही निकालातला ‘सेगमेंट’चा, म्हणजे विभागवार विक्री-नफ्याचा तक्ता आधी उघडा.

नफ्याच्या आकड्यालाही चिमटा काढून बघा. सर्व्हर किती वर्षं टिकेल असं कंपनी धरते, त्यावर घसारा (यंत्राच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरलेला भाग) ठरतो. अ‍ॅमेझॉनने 2024 पासून पाचाची सहा वर्षं केली, नफा फुगला. 2025 पासून काही सर्व्हरसाठी पुन्हा पाच. यंत्रं तीच, बदलला तो हिशोब.

दुसरी जात म्हणजे क्लाउडवरून सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या कंपन्या. इथे जुन्या ग्राहकांकडून येणारा पैसा वाढतोय का, ते पाहायचं: गेल्या वर्षी 100 देणारे ग्राहक यंदा 115 देत असतील तर धंदा जिवंत आहे, 95 देत असतील तर गळती सुरू झाली. भाव अवाच्या सवा असला की चांगली कंपनीही बुडवते. झूम ऑक्टोबर 2020 मध्ये 550 डॉलरच्या वर होता, 2022 संपताना 70 च्या खाली. कंपनी तोवर नफ्यातच होती!

आता पैसे पाठवणं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे. ब्रोकरकडे खातं उघडताना डब्ल्यू-8बीईएन फॉर्म (आपण अमेरिकेचे करदाते नाही, हे सांगणारा) भरा, मग लाभांशावर अमेरिकेत 25 टक्के कापले जातात. बँकेत ए2 फॉर्म भरून पैसे स्वतःच्याच खात्यातून पाठवा. बायकोच्या किंवा वडिलांच्या खात्यातून पाठवलेले हमखास परत येतात. वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ वसूल करते तो कर) नाही, त्यापुढच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी 20 टक्के. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. मुलाच्या परदेशी फीसाठी पाठवलेली रक्कमही याच 10 लाखांत धरली जाते, हे पुष्कळांना नंतर कळतं.

खरी चाट बसते ती दरात. डॉलर 90 रुपये धरला तर 3 लाखांचे साधारण 3,333 डॉलर. बँकेने डॉलरमागे दीड रुपया जास्त लावला की जवळपास 5,000 रुपये दारातच गेले. शिवाय दर खेपेचं शुल्क वेगळं. दरमहा 25,000 पाठवण्यापेक्षा दोन-तीन खेपांत पाठवा. मात्र पाठवलेले डॉलर नुसते पडून ठेवू नका: न गुंतवलेली रक्कम 180 दिवसांत परत आणावी लागते.

24 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. एक शेअर असला तरी आयटीआर-1 (सर्वांत सोपं विवरणपत्र) चालत नाही आणि शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं. तिथे कॅलेंडर वर्ष धरतात: फेब्रुवारी 2025 मध्ये घेतलेला शेअर 2024-25 च्या विवरणपत्रातल्या त्या तक्त्यात येत नाही, पुढच्या वर्षीच्या तक्त्यात येतो.

प्रश्न: परदेशात पैसे पाठवण्यापेक्षा नॅस्डॅकचा ईटीएफ डीमॅटमध्येच घेतला तर?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा, निर्देशांकातल्या कंपन्यांचा फंड; इथे नॅस्डॅक 100 या अमेरिकी निर्देशांकाचा. कागदपत्रांची कटकट वाचते, पण एक घोळ आहे. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला 7 अब्ज डॉलरची, आणि परदेशी ईटीएफमध्ये घालायला वेगळी 1 अब्जाची मर्यादा आहे. ती भरली की नवी युनिट्स निघत नाहीत आणि असलेल्यांवरच झुंबड उडते. युनिटमागच्या शेअर्सची किंमत 200 आणि बाजारात भाव 220, म्हणजे 10 टक्के जास्त देताय. उद्या मर्यादा वाढली तर निर्देशांक न पडताही ते 20 रुपये विरघळतील. फंडाच्या वेबसाइटवरचा आयएनएव्ही (युनिटची त्या क्षणाची खरी किंमत) बघून, लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावापर्यंतच खरेदी) टाका. आणि नॅस्डॅक 100 मध्ये क्लाउडशी संबंध नसलेल्या कंपन्याही आहेत.

प्रश्न: ऐरोली-महापेला डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहताहेत. त्यातला शेअर?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: क्लाउडचे सर्व्हर अशा इमारतींत ठेवतात. हा धंदा भाड्याचा: जागा, वीज, जनरेटर, गारवा. त्या इमारतींच्या मालकांपैकी कित्येक कंपन्या आपल्या बाजारात नोंदलेल्याच नाहीत. नोंदलेली सापडली तर वार्षिक अहवालात चालू मेगावॉट (डेटा सेंटरची क्षमता विजेत मोजतात) आणि जाहीर केलेले मेगावॉट वेगळे काढा. त्यातले भाड्याने गेलेले किती, आणि कंपनीच्या एकूण उत्पन्नात डेटा सेंटरचा वाटा किती, तेही शोधा. बिल्डरच्या कंपनीने नावापुढे ‘डेटा सेंटर’ लावलं असेल तर तुम्ही अजून फ्लॅटच विकत घेताय.